न बोलण्याची अट

राग माझ्या नाकावर लहानपणापासून. माझे वडील धुळ्याच्या कचेरीत कारकून होते. ते म्हणायचे, या पोरीला सासरी धाडताना सोबत पाण्याची घागर द्यावी लागेल, भडकली की ओतायला. घरातले सगळे हसायचे आणि मी आणखी भडकायचे. चिडण्यासारखं इतकं सारं समोर असताना माणसं शांत राहतात तरी कशी, हे मला खरोखरच कळत नसे. म्हणून आमच्या घरामागे राहणाऱ्या अक्कांकडे मी तासन्‌तास बघत बसायचे.

अक्का वयस्क होत्या, एकट्या, विधवा. पांझरा नदीच्या अंगाला त्यांच्या दोन खोल्या होत्या. त्या देवीच्या उपासक, पण आरत्या म्हणणाऱ्यातल्या नव्हेत, तंत्रमार्गातल्या. गल्लीतल्या बायका त्यांच्या दारावरून जाताना पाय उचलत. म्हणत, तिथे लिंबं कापतात, बाहुल्या टोचतात. मी त्या घरात लिंबू पाहिलं ते लोणच्याच्या बरणीत. देव्हाऱ्यात मूर्तीसुद्धा नव्हती. तांब्याचा एक पत्रा होता, त्यावर त्रिकोणात त्रिकोण कोरलेले, मधे कुंकवाचा ठिपका. शेजारी लाल जास्वंद आणि चांदीचा एकच छोटा वाळा, तान्ह्या पायातला असतो तसा. पूजेची उपकरणी मी घासून द्यायचे तेव्हा तो वाळाही घासायचे. एकदा विचारलं, हा देवीचा का? अक्का म्हणाल्या, “ठेव तठे.” मी ठेवला.

त्या डोळे अर्धे मिटून बसल्या की खोलीत कोणी नाहीच असं वाटे. एकदा बाहेर बैल उधळला, कुणाचे तरी माठ फुटले, बायका किंचाळल्या. अक्कांची पापणी हलली नाही. मला तेच हवं होतं. मी अकरा-बारा वर्षांची असेन तेव्हाच त्यांच्याकडे दीक्षा मागितली. “जाय, भाकरी थाप,” म्हणाल्या. पुढे दरवेळी मागत गेले, दरवेळी तेच उत्तर. मग माझं लग्न होऊन मी जळगावजवळ असोद्याला आले आणि खरोखरच भाकरी थापू लागले.

सासर भरलेलं. केळीची बाग, कापूस, घरात सासरे आबा, सासूबाई, जेठ म्हणजे थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांची लेक. मी धाकटी सून, म्हणून सगळ्यांची ‘धाकली’. मला मूल नव्हतं आणि ते कुणी ना कुणी रोज आठवण करून देई. जाऊबाईंची लेक मात्र माझ्याच कुशीत झोपायची. तीनेक वर्षांची, हट्टी, चावरी. स्वभावाने माझ्यावर गेली, असं जाऊबाई कपाळाला हात लावून म्हणत, आणि मला त्याचा कोण अभिमान वाटे.

भावाच्या लग्नाला धुळ्याला गेले होते तेव्हा निघायच्या आधी अक्कांच्या पाया पडायला गेले. या वेळी मी काही मागितलं नाही. त्यांनीच बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “सकायले आंग धुईसन ये. काही खाऊ नको.”

सकाळी त्यांनी मला पत्र्यासमोर बसवलं. माझ्या उजव्या कानात मंत्र सांगितला, लहानसाच होता. मग एक तळवा माझ्या पाठीच्या कण्याच्या मुळाशी ठेवला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा भुवयांच्या मधे टेकवला. आधी काहीच झालं नाही. मला आपला चुलीवरच्या दुधाचा विचार, घरी कुणी उतरवलं असेल की नाही. आणि मग पाठीत खालून काहीतरी वर येऊ लागलं. विहिरीतून भरलेली मोट वर येते ना, जड, सावकाश, दोर करकरत, तसं. ते छातीशी आलं तेव्हा श्वास आपोआप थांबला. गळ्याशी आलं तेव्हा मी रडत होते, पण दुःख कशाचंच नव्हतं. अंग डोलत होतं आणि ते मी डोलवत नव्हते. मी कुठेतरी मागे बसून सगळं पाहत होते. त्या पाहणाऱ्या बाईला राग नव्हता. तिला मी पहिल्यांदाच भेटत होते, आणि ती मीच होते. याहून चांगलं मला सांगता येत नाही. मला इतका आनंद झाला की अक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून मी हसत सुटले.

अक्कांनी मला पाणी दिलं आणि अटी सांगितल्या. मंत्र कुणाला सांगायचा नाही. रोज पहाटे बसायचं. शरीर करील ते करू द्यायचं, मुद्दाम काही करायचं नाही, दाबायचंही नाही. शेवटची अट सांगताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“लोक देखतीन. त्यास्ले वाटी, देवी आंगमा उनी. हात जोडीसन इचारतीन. तू बोलू नको. एक शबद बी बोलनी ना, ते बठ्ठं गयं समज.”

“गेलं तर परत येतं का?”

“नई.”

असोद्याला आल्यावर मी कापसाच्या खोलीत बसू लागले. वेचलेला कापूस गाडीत भरेपर्यंत त्या खोलीत रचलेला असे, आवाज बाहेर जात नसे. नवऱ्याला मी सगळं सांगितलं होतं, मंत्र सोडून. गरीब स्वभावाचा माणूस. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, “तू बस. म्या हाये दाराशी.” आणि खरंच पहाटे गारठ्यात दाराशी घोंगडी पांघरून बसायचा. रोज ते यायचं. कधी थोडं, कधी कापसाच्या ढिगावर मला लोळवून टाकील इतकं. दिवसा माझा आवाज खाली आला. दूध उतू गेलं तरी मी ओरडेना. जाऊबाईंना काळजी वाटली, धाकली आजारी पडली की काय.

लढाईचे दिवस होते, घासलेट मिळत नव्हतं, पण आमच्या घरात तसं सगळं ठीक होतं. मग पोरीच्या अंगावर गोवर उठला.

आमच्याकडे गोवर हा आजार नव्हे. ती माय. देवी आपणहून घरी पाहुणी येते आणि लेकराच्या अंगावर उतरते. ती असेतो घरात फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, पायात काही घालायचं नाही, दाराला कडुनिंबाचा टहाळा लावायचा. औषध द्यायचं नाही, कारण पाहुण्याला हाकलतात का कुणी? आणि मायेची बोळवण होईपर्यंत लेकरू उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. ही सगळी नेमनिष्ठा मी लहानपणी धुळ्यालाही पाहिली होती, मला त्यात वावगं वाटलं नाही. बहुतेक लेकरं बरी होतातही.

ही होईना. अंगावरचं पुरळ मावळायला लागलं, पण ताप हटेना आणि छाती वाजू लागली. श्वास घेताना बरगडीखाली खड्डा पडे. रडली तरी आवाज येत नव्हता. एवढी चावरी पोर, पण चमचा तोंडात घातला तरी दात मिटेनात, याने मी घाबरले. नवरा बैल बघायला जामनेरच्या बाजाराला गेलेला. मी पदर सावरून दाराआडून आबांना म्हटलं, पोरीला जळगावच्या सरकारी दवाखान्यात न्यायला हवं.

आबा बाजेवर बसले होते. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ते खाली पाहत म्हणाले, “माय घरात हाये, धाकली. तिच्यावर डाक्टर आनू? म्या एक डाव उंबरा वलांडला व्हता. मालूम हाये नं तुले?”

मला माहीत होतं. आबांचा थोरला मुलगा असाच गोवरात असताना त्यांनी त्याला वैद्याकडे नेलं होतं. पोर वाटेत गेलं. सगळ्यांनी खापर त्यांच्या डोक्यावर फोडलं आणि त्यांनी ते आयुष्यभर तसंच वागवलं. त्या माणसाला मी काय सांगणार? आणि मनात एक जहरी विचार आला तोही सांगते. मुलगी आहे म्हणून सगळे इतक्या सहज मायेवर हवाला ठेवतायत, मुलगा असता तर? हा विचार आबांवर अन्याय करणारा होता. पण मी तेव्हा न्याय करायला बसले नव्हते.

दुपारी मी पोरीच्या उशाशी होते. जाऊबाई रडून रडून भिंतीला टेकलेल्या. शेजारच्या तीन-चार बायका कडुनिंबाने वारा घालत होत्या. पोरीचा श्वास मी मोजत नव्हते, पण प्रत्येक श्वासाबरोबर माझाही ओढला जात होता. आणि ध्यानीमनी नसताना पाठीत ती मोट हलली. मी बसले नव्हते, मंत्र घेतला नव्हता. ते आपलं आपण वर येऊ लागलं, कधी नव्हे इतक्या जोराने. माझं अंग मागे-पुढे हेलकावू लागलं. गळ्यातून हुंकार निघाला. केस तर मोकळेच होते, घरात कुणी विंचरायचेच नव्हते ना.

“माय आली वं! धाकलीच्या आंगात माय आली!”

कोण ओरडलं आठवत नाही. बघता बघता ओसरी भरली. कपाळावर कुणी मूठभर कुंकू फासलं, हातात टहाळा दिला, पायांवर पाणी ओतलं. ज्या घरात माय लेकराच्या अंगावर उतरली होती त्याच घरात सुनेचे केस मोकळे, अंग घुमतंय. याहून दुसरा अर्थ त्या बायका काय लावणार? मी तरी त्यांच्या जागी वेगळा लावला नसता.

आतून मी सगळं पाहत होते. ती मागे बसलेली शांत बाई इतकी मोठी झाली होती की ओसरी, बायका, केळीची बाग, सगळं तिच्यात मावत होतं. अक्कांनी दिलं होतं ते हेच, आणि पुढेही काही होतं. मी त्याच्या दाराशी होते, हे मला कळत होतं.

विचारणं सुरू झालं. एकीची नथ हरवली होती. एकीचा जावई नांदवत नव्हता. एकीने विचारलं, औंदा कापसाला भाव येईल का. पोर तिथे घुसमटतेय आणि यांना नथ सुचतेय! पूर्वीची मी असते तर टहाळ्यानेच झोडपलं असतं. मी गप्प राहिले. थोड्या वेळाने हे आपोआप शमेल, अट पाळली जाईल, एवढंच मला करायचं होतं.

मग सासूबाई पुढे आल्या. कमी बोलणारी बाई. त्यांनी पोरीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, डोकं जमिनीला टेकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “माय, पोर तुही हाये. इले जयगावच्या दवाखान्यात नेऊ का नोको, तूच सांग.”

आबा बाजेवरून उठून हात जोडून उभे राहिले. पोरीची छाती माझ्या मांडीवर वाजत होती.

मी त्या क्षणी काय गमावतेय हे मला पुरतं ठाऊक होतं. भावनेच्या भरात बोलून गेले असं म्हणायची सोय मला नाही. मोट काठाशी आली होती, अजून एक हात वर आली असती की पाणी पाटात पडलं असतं. पण गप्प राहिले तर पोर इथेच राहणार होती, या बाजेशेजारी, या टहाळ्याखाली. मी वर येणारं ते सगळं जिवाच्या कराराने खाली दाबलं आणि तोंड उघडलं.

“न्या इले. आत्ताच न्या.”

आबा एक पाऊल पुढे आले. “माय, तू घरात हायेस. उंबरा कसा वलांडू?”

“म्या संगं येते,” मी म्हणाले. “म्याच वलांडते.”

आणि पोरीला घेऊन उठले. पाठीतला दोर सुटला. मोट खाली जाताना मला ऐकू येत होती, खूप खोल जात होती. मी अनवाणी उंबरा ओलांडला.

असोद्याहून जळगाव काही लांब नाही, पण त्या दिवशी वाट संपेना. जेठ गाडी हाकत होते, आबा मागे पायी, हात जोडलेले तसेच. मी मधे पोरीला धरून. मला डोलत राहणं भाग होतं. मी थांबले की माय गेली असं होणार, माय गेली की आबा गाडी वळवणार. म्हणून जे आता आत नव्हतंच त्याचं सोंग मी रस्ताभर करत राहिले. हुंकार काढत होते आणि हुंकारांच्या मधे पोरीच्या नाकाशी गाल नेऊन श्वास आहे का पाहत होते. वाटेत लोक बाजूला होऊन पाया पडत होते. मला सगळ्यांच्या पाठीत रट्टे घालावेसे वाटत होते. राग परत आला होता, पूर्ण, जसाच्या तसा.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझे केस पाहिले, कपाळभर कुंकू पाहिलं आणि जेठांना विचारलं, “आजारी कोण आहे, ही की ती?” मग पोरीच्या छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. तिला आत नेलं, वाफेखाली ठेवलं, सुया टोचल्या. आम्ही बाहेर व्हरांड्यात. आबा माझ्याकडे पाहत नव्हते, मी त्यांच्याकडे. पोर गेली असती तर त्या माणसाचं काय झालं असतं याचा विचार मी तेव्हा केला नाही, नंतर मात्र रात्र रात्र करत राहिले.

पोर वाचली. बरेच दिवस दवाखान्यात काढून घरी आली आणि आल्या आल्या माझ्या दंडाला चावली. मी रडले.

त्यानंतर पहाटे कापसाच्या खोलीत मी बसायचे आणि काहीही व्हायचं नाही. मंत्र तोच, आसन तेच, दाराशी घोंगडीत नवरा तोच. पाठ दुखायची फक्त. गावातून मंगळवारी बायका नारळ घेऊन यायला लागल्या, देवीला विचारायचंय म्हणून. सासूबाई दारातच उभ्या राहायच्या. “नही बसत आता ती. जा घरी.” नारळसुद्धा ठेवून घ्यायच्या नाहीत. त्यांनी तो प्रश्न त्या दिवशी मुद्दाम तसा विचारला होता का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पण फोडणी पुन्हा सुरू झाली त्या दिवशी पहिली गरम भाकरी त्यांनी माझ्या ताटात वाढली, आबांच्या आधी.

मी कृतज्ञ वगैरे नव्हते. मला लुटल्यासारखं वाटायचं. कधी कधी अंगणात खेळणाऱ्या त्या पोरीचाही राग यायचा आणि मग स्वतःची शिसारी. ते परत आलं का, असं मला अजून कुणी कुणी विचारतं. नाही आलं. आता मी म्हातारी झाले, आता येणारही नाही.

पुढच्या खेपेला माहेरी गेले तेव्हा थेट अक्कांकडे गेले. त्या फारच थकल्या होत्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पोर, प्रश्न, उंबरा, सोंग. मला वाटलं होतं, त्या पाठीवर हात ठेवतील, म्हणतील, जाऊ दे, मी परत देते.

“गयं,” अक्का म्हणाल्या. “मी सांगेल व्हतं तुले.”

मग माझा तोल सुटला. गुरूसमोर कुणी बोलत नाही तसं मी बोलले. “मग काय करायला हवं होतं मी? मांडीवर पोर मरत होती. तुम्ही असतात तर गप्प बसला असतात?”

अक्कांनी हात लांबवून देव्हाऱ्यातला तो चांदीचा वाळा उचलला. मी वर्षानुवर्षं घासलेला. तो त्यांनी पदराने पुसला, पुसलेलाच होता तरी.

“मी चूप बठनी व्हती,” त्या म्हणाल्या. “मन्हीज पोर व्हती. तिले बी गोवर व्हता. मन्ही सासूनी असंच इचारं. मी बोलनी नई. लोक म्हनेत, माय चूप शे, म्हंजे पोरले हालावू नका.”

मी म्हटलं, “मग मला का घातलीत ती अट?”

“मन्हा गुरूनी मले घाली. जशी मिळनी, तशी दिधी.” त्या पत्र्यावरच्या कुंकवाकडे पाहत होत्या. “मन्हं गयं नई. रोज येस. आज बी उनं व्हतं.”

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. बैल उधळला तरी न हललेली ती पापणी आता हलत होती. वाळा मुठीत घट्ट होता. इतक्या वर्षांत त्यांनी मला संसारातली एक गोष्ट कधी विचारली नव्हती, नवरा कसा आहे, सासू कशी आहे, काही नाही. आता त्यांनी मान वर केली.

“ती पोर आते काय करस?”

मी सांगितलं. वासराच्या मागे धावते. पेरू मीठ लावून खाते आणि बिया माझ्या ओच्यात थुंकते. आबांच्या मिशा ओढते, ते ओढू देतात. रात्री माझा हात उशाला घेतल्याशिवाय झोपत नाही.

अक्कांनी डोळे मिटले. मला वाटलं, नेहमीसारख्या आत गेल्या, मी उठू लागले. त्यांनी माझं मनगट धरलं, अट सांगताना धरलं होतं तसंच.

“उठू नको. आखो सांग,” त्या म्हणाल्या.